तबियतीचा तर्जुमा

“नुसतं बसायचं. तोंड उघडायचं नाही,” पोलीस चौकीच्या पायरीवर मुश्ताकनं मला बजावलं. “ऐकलंस ना?”

“ऐकलं. मग मला आणलं कशाला? घरातली एखादी खुर्ची उचलून आणायची होती.”

“झालं सुरू! निदान चारचौघांत तरी जिभेला लगाम घाल, रुकय्या.”

मुश्ताक पेचकर माझा नवरा. आखातातल्या त्या लहानशा बंदराच्या गावात आम्ही राहत होतो. तो एका बांधकाम कंपनीत होता, पण गावात त्याची खरी ओळख तर्जुमेवाला म्हणून होती. आपल्याकडच्या कुणा मजुराला, ड्रायव्हरला, मोलकरणीला पोलिसांनी बोलावलं की मुश्ताकला फोन यायचा. ते बोलतील ते तो अरबीत करून सांगायचा आणि साहेब बोलतील ते मराठीत नाहीतर हिंदीत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, अत्तराचा फाया. चौकीचा शिपाईसुद्धा त्याला सलाम ठोकायचा.

आणि मी कोण? मुंबईच्या कॉलेजातून अरबी घेऊन एम.ए. झालेली, तिथल्या भारतीय शाळेत मुलांना अरबी शिकवणारी बाई. पण चौकीतलं काम बायकांचं नव्हे, असं मुश्ताकनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. त्या दिवशी मात्र आरोपी बाई होती. चौकीतली एकुलती एक महिला पोलीस रजेवर गेलेली. बाईची चौकशी करताना खोलीत दुसरी कुणी बाई हवी, असा तिथला कायदा. म्हणून मला नेलं होतं. शोभेला.

आत गारठा होता, एसी बर्फासारखा सोडलेला. टेबलामागं कॅप्टन सैफ. चाळिशीचा, शांत, डोळ्यांखाली काळं झालेला माणूस. बाजूच्या कोचावर मॅडम नवाल. इंग्लंडात शिकून आलेली श्रीमंत घरची बाई. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. आणि भिंतीशी स्टुलावर प्रमिला धनावडे.

प्रमिला आमच्या कोकणातली, गुहागरच्या बाजूची. नवरा वारलेला, एक मुलगी. नवालच्या घरी स्वयंपाक करायची आणि तिच्या तीन वर्षांच्या लुलवाला सांभाळायची. शुक्रवारी बाजारात भेटली की, “भाभी, आपली भाषा ऐकून कानाला बरं वाटतं बघा,” म्हणत माझ्याबरोबर अख्खा बाजार फिरायची. मुलीला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण होतं. शिमग्याच्या आधी घरी जायचं म्हणून तिनं रजा मंजूर करून घेतली होती, तिकीटही आलं होतं. बाळासाठी मऊ फडकी, लंगोट, कानटोपी असं काय काय गोळा करून ठेवलं होतं. आता ती स्टुलावर आखडून बसली होती. एक खांदा वर, एक खाली. मला वाटलं, भीतीनं.

तक्रार अशी होती. दोन दिवसांपूर्वी नवालकडं पाहुणे होते. प्रमिला स्वयंपाकघरात गोड बोंडं तळत होती. आतून किंकाळी आली म्हणून नवाल धावली, तर लुलवा फरशीवर पडलेली, हनुवटी फुटून रक्त वाहतंय, आणि शेगडीपाशी तेलच तेल. प्रमिला भिंत धरून उभी. नवालनं विचारलं, काय केलंस? प्रमिलानं हातानं ढकलल्याची खूण करून दाखवली. लुलवाला टाके पडले. मुलाला मारहाण केली हे शाबीत झालं असतं, तर तिथं तुरुंगच होता. एक-दोन महिन्यांचा नव्हे, वर्षांचा.

“मला पहिल्यापासून हिच्याबद्दल शंका होती,” नवाल कॅप्टनला म्हणाली. मग तिनं मध्येच इंग्रजी शब्द घातला. “इन्स्टिंक्ट. आईचं इन्स्टिंक्ट. आतून कळतं.”

कॅप्टननं मान हलवली. “गरीज़ा,” तो स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. अरबीत त्याला गरीज़ा म्हणतात. उपजत असतं ते, न शिकवता येतं ते. मग तो मुश्ताककडं वळला. “बाईला विचार, काय झालं. तिच्या शब्दांत सांगू दे.”

मुश्ताक खाकरला. “हां प्रमिला, बोल. लांबण लावू नको. विचारलं तेवढंच.”

प्रमिलानं पदराचं टोक मुठीत धरलं. “साहेब, सकाळपास्नं माजी तबियत बिगडली होती. डोळ्यांपुडं अंधारी आली. तेवढ्यात पोरगी कडईकडं आली, तिनं दांडा धरला, म्हणून मी तिला ढकललं.”

साधं बोलणं. आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळेल.

मुश्ताकनं मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात अरबी सुरू केलं. मी त्याला काम करताना पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं जे सांगितलं ते मी आता मराठीत सांगते, आणि एक अक्षर इकडचं तिकडं करत नाही. तो म्हणाला, “सकाळपासून माझी तबीआ बिघडली होती. माझ्या डोळ्यांसमोर जग काळं झालं. मुलगी आली, मी तिला ढकललं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आपल्याकडं तबियत म्हणजे प्रकृती. ताप आला, पोट बिघडलं, की आपली तबियत बिघडते. शब्द आला अरबीतूनच, पण इथं येऊन बदलला. अरबीत तबीआ म्हणजे स्वभाव. माणसाचा पिंड. म्हणजे प्रमिला सांगत होती मला बरं नव्हतं, आणि कॅप्टनच्या कानावर गेलं की माझ्यातला वाईटपणा जागा झाला. पुढं चक्कर आली त्याचं झालं, रागानं जग काळं दिसलं. आणि कढईचं, दांड्याचं तर त्यानं नावच काढलं नाही! बहुतेक कढईला अरबीत काय म्हणतात ते त्याला ठाऊक नसावं. ठाऊक नाही ते गाळायचं. एवढी सोपी त्याची विद्या.

कॅप्टननं पेन खाली ठेवलं. “म्हणजे रागाच्या भरात ढकललं?”

मुश्ताक प्रमिलाकडं वळला. “साहेब विचारतात, तेव्हाच ढकललंस ना?”

“होय की,” प्रमिला म्हणाली.

“हो म्हणते,” मुश्ताकनं अरबीत सांगितलं.

नवालनं डोळ्यांना रुमाल लावला. “बघा! स्वतःच्या तोंडानं सांगते!”

कॅप्टन लिहू लागला. मी मुश्ताकच्या बाहीला हात लावला आणि हळूच आपल्या बोलीत म्हटलं, “अवो, तुमी चुकलात. तबीआ नव्हं. ती आजारी होती म्हणते.”

त्यानं बाही झटकली. माझ्याकडं न बघता, ओठ न हलवता म्हणाला, “गप बस.”

“कढईचं बी सांगितलं नाहीत.”

“रुकय्या, गप बस म्हटलं ना!”

बिचाऱ्या प्रमिलाला वाटलं, आपल्यामुळं नवरा-बायकोत वाजतंय. “भाभी, असू दे,” ती म्हणाली, “भाईजान बरोब्बर सांगत असतील.” तिचा विश्वास होता त्याच्यावर! तिथल्या सगळ्याच मराठी माणसांचा होता. कॅप्टननं कागद फिरवून तिच्यासमोर सरकवला आणि शाईचं पॅड पुढं ढकललं. मुश्ताक तिचा अंगठा धरायला पुढं झाला.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उठले, कागद टेबलावरून उचलला आणि अरबीत म्हणाले, “कॅप्टन, हे या बाईचं बोलणं नाही.”

मुश्ताकचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लालभडक झाला. कॅप्टननं मला नीट पाहिलं, पहिल्यांदाच. “तुम्हाला अरबी येतं?”

“मी ते शिकवते.”

“मग ती काय म्हणाली?”

“ती म्हणाली, मी आजारी होते. चक्कर आली. मुलीनं तापलेल्या कढईचा दांडा धरला, म्हणून मी तिला बाजूला ढकललं.”

कॅप्टन मुश्ताककडं वळला. “बरोबर आहे?”

तिथं एक शब्द बोलायचा होता. चुकलो. बस, एवढाच. आम्ही घरी जाऊन चहा प्यालो असतो आणि मी ते विसरूनही गेले असते. पण मुश्ताक हसला. साहेबांसमोर हसायचा ते तेलकट हसू. “साहेब, दोन्ही अर्थ होतात. त्या लोकांच्या भाषेत तबियत म्हणजे स्वभावसुद्धा. माझी बायको जरा गरम डोक्याची आहे. लहानपणापासून. तिची तबीआच तशी.”

म्हणजे प्रमिलाचा स्वभाव वाईट आणि माझा तापट, शहाणा तेवढा एकटा हा! आणि ‘त्या लोकांच्या भाषेत’? स्वतःची भाषा याची कुठली होती? दाभोळच्या खाडीकाठी वाढलेला माणूस, झोपेतसुद्धा मराठीत बरळायचा! मी हातातला कागद टेबलावर ठेवला.

“दोन्ही अर्थ होत नाहीत,” मी म्हटलं. “हा खोटं बोलतोय.”

कॅप्टननं हात वर करून आम्हा दोघांना गप्प केलं. मग त्यानं जे केलं, त्यासाठी मी आजही त्याला दुवा देते. तो उठून प्रमिलासमोर येऊन उभा राहिला. “तबियत?” त्यानं तिचाच शब्द उच्चारला आणि एक हात स्वतःच्या कपाळावर ठेवला. मग हात काढून छातीवर ठेवला, डोळे वटारले, मूठ आवळली, रागावल्यासारखा. पुन्हा विचारलं, “तबियत?”

प्रमिला आधी त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिला उमगलं. तिनं तळहात कपाळावर दाबला, डोळे मिटले आणि अंगाला थंडी भरून आल्यासारखं करून दाखवलं. मग गालावर हात फिरवून म्हणाली, “ताप. ताप साहेब. लई ताप.”

एवढं कळायला कुठल्या तर्जुमेवाल्याची गरज नव्हती.

कॅप्टन परत खुर्चीत बसला. “तापलेली कढई म्हणता,” तो मला म्हणाला, मुश्ताकला नव्हे. “तेल सांडलं तर ते कुणाच्या अंगावर पडलं? मुलीला चटका नाही, फक्त हनुवटी फुटलीय.”

मी तेच मराठीत विचारलं. प्रमिलानं मान खाली घातली. तो आखडलेला खांदा पाहून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “कॅप्टन, मी हिला पलीकडच्या खोलीत नेऊ?”

त्यानं होकार दिला. आत गेल्यावर मी दार लावलं आणि तिला पाठमोरी उभी केली. ब्लाउजची बाही जरा उचलली तर ती कळवळून ओरडली. कापड मांसाला चिकटलं होतं. मानेखालून पाठीच्या अर्ध्या भागापर्यंत कातडी सोलून निघालेली, वरून टूथपेस्ट फासलेली. दोन दिवस ती बाई तशीच होती! तशा अंगानं तिनं त्या घरातली भांडी घासली होती, आणि तिच्याकडं कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

“अगं, सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू भाभी? सगळी पुरुषमाणसं बसलेली. पाठ कशी उघडी करू? आन भाईजान म्हणाले, विचारलं तेवढंच बोल. पाठीचं कुणी विचारलंच न्हाई.”

“झालं कसं हे?”

“पोरीनं दांडा धरला. मी एका हातानं तिला ढकललं, पण अंगात ताकदच नव्हती, माजाच तोल गेला. मी कडईखाली पडले. ती वाचली ना? हनुवटीला किती टाके पडले?”

मला रडू यायला हवं होतं. रडू आलं नाही, नुसता राग आला. दाराबाहेर बसलेल्या त्या इस्त्रीच्या शर्टाचा राग.

बाहेर येऊन मी पाहिलं ते सगळं सांगितलं. नवाल उठून आत गेली, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. परत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. ती कोचावर बसलीच नाही.

कॅप्टननं शेवटचा प्रश्न विचारला. तो त्याला कायद्यासाठी विचारावाच लागणार होता. “फरशीवर पडून मुलीला लागेल, हे तिच्या मनात नाही आलं?”

मी प्रमिलाला विचारलं. तिला प्रश्नच कळेना. “मनात काय यायचं भाभी? विचार करायला वेळ कुठं होता? हात आपोआप गेला. तुमचा नसता गेला?”

आता हे अरबीत कसं सांगायचं? आपोआप हात जाणं. कॅप्टननं नवालच्या शंकेला जो शब्द दिला होता, गरीज़ा, तो मला वापरता आला असता. पण गरीज़ा मांजरीलाही असते. वासराला सड सापडतो तीही गरीज़ा. अरबीत दुसरा एक शब्द आहे, फित्रा. अल्लानं माणूस घडवताना त्याच्यात जी चांगली समज घालून ठेवली, ती. कुणी शिकवावी लागत नाही, फक्त माणसानं ती बिघडवू नये एवढंच. मी म्हटलं, “ती म्हणते, तिनं विचार केला नाही. ती फित्रा होती.”

“अगं, फितरत काय म्हणतेस!” मुश्ताक मध्येच कुजबुजला. “तिला लबाड ठरवतेस काय?” त्याची आई प्रत्येक हुशार सुनेला फितरती म्हणायची. त्या शब्दाबद्दल त्याचं ज्ञान तिथवरच. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कॅप्टननं तो शब्द स्वतःशी एकदा उच्चारला आणि नवालकडं पाहिलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, “त्या दिवशी सकाळी हिनं माझ्याकडं तापाची गोळी मागितली होती. पाहुणे येणार होते, मी म्हटलं नंतर देते.” थोडं थांबून पुढं म्हणाली, “मी विसरले. मला आत्ता आठवलं.”

तिला तसं म्हणायची काही गरज नव्हती, कुणी पाहिलं नव्हतं. तरीही ती बोलली. तेव्हा मला नवालचाही राग होता, पण एवढं मानलंच पाहिजे.

कॅप्टननं आधीचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. नव्यानं जबानी घेतली, मी सांगत गेले, तो लिहीत गेला. तक्रार मागं घेतली गेली. नवाल म्हणाली, आधी हिला दवाखान्यात नेते, मग डॉक्टरांनी प्रवास चालेल म्हटलं की स्वतः विमानतळावर सोडते. मी प्रमिलाला ते सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा रडली. माझा हात धरून म्हणाली, “म्हंजे शिमग्याला जाते ना मी? पोरीजवळ?”

“जातेस गं बाई. आधी पाठ बरी कर.”

निघताना कॅप्टननं मुश्ताकला हटकलं. “तू इथं किती वर्षं येतोस?”

“बरीच, साहेब.”

कॅप्टननं टोपलीतल्या तुकड्यांकडं पाहिलं. मुश्ताकच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम फुटलेला मी पाहिला.

गाडीत बसल्याबरोबर तो सुटला. “नाक कापलंस माझं! खोटारडा म्हणालीस, पोलिसासमोर! नवऱ्याला! उद्यापासून कुणी बोलावणार आहे का मला?”

“न बोलावलेलंच बरं.”

“एक शब्द! एका शब्दासाठी?”

“त्या एका शब्दानं ती बाई तुरुंगात चालली होती. बाळंतपणाला लेक वाट बघतेय तिची. तुमाला चूक कळली, तरी तुमी हसलात. दोन्ही अर्थ होतात म्हणालात!”

गाडी समुद्राकडच्या रस्त्याला लागली होती, दुपारचं ऊन काचेवर आपटत होतं. आणि मग माझ्या डोक्यात तो प्रश्न आला. तोवर कसा आला नव्हता कोण जाणे. आपल्या माणसाला पोलिसांनी काहीही विचारलं, की तो पहिलं काय सांगतो? साहेब, तबियत ठीक नव्हती. कामावर का नाही आलास, झोपलास का, पडलास कसा, सगळ्याला हेच. “अवो,” मी विचारलं, “याआधी लोकं तबियत म्हणायची, तेव्हा तुमी काय सांगायचात?”

त्यानं आरसा नीट केला.

“मी विचारतेय काहीतरी.”

“तेच सांगायचो,” तो म्हणाला. “तबीआ.”

“सगळ्यांचं?”

“मला काय ठाऊक होतं? मदरशात शिकलो तेवढंच अरबी. पुढं एका वकिलाचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कारकून हसला मला. म्हणाला, तुमच्या देशातल्या सगळ्यांचेच स्वभाव बिघडलेले असतात काय रे? तेव्हा कळलं.”

“कधी हसला?”

“झालं असेल वर्ष. जास्तच.”

माझा विश्वास बसेना. “म्हणजे आज तुमाला ठाऊक होतं? ती बोलली तेव्हा ठाऊक होतं?”

“आरडाओरडा करू नको. समजून घे. त्या कारकुनानं सांगितलं, त्याच्या आधी एक केस होऊन गेली होती. टेमकर म्हणून गवंडी, देवरूखकडचा. जनार्दन टेमकर. परांचीवर उभा राहून विटा वर ओढत होता, दोर सुटला, खालचा माणूस मेला. तो म्हणाला, तबियत बिघडली होती, हात सुटला. मी तबीआ सांगितलं. त्याचं नि त्या मेलेल्या माणसाचं आदल्या दिवशी भांडण झालं होतं म्हणे. झाली शिक्षा.” त्यानं घसा साफ केला. “आता मी एकदम शब्द बदलला असता, तर कुणीतरी विचारलंच असतं, मग आधी काय सांगत होतास? मागचं सगळं उकरून काढलं असतं. म्हणून चालू ठेवला तोच शब्द.”

“आणि तो टेमकर?”

“आत आहे.”

“आत आहे, आणि तुमी रात्री झोपता?”

“काय करू मग?” तो एकदम ओरडला. स्टिअरिंगवर हात आपटला. “जाऊन पाय धरू त्यांचे? मला नाही जमत माघार घ्यायला! माझा स्वभावच तसा आहे. अल्लानं घडवला तसा आहे मी, त्याला मी काय करू?”

मी इतकी वर्षं त्याला तुमी म्हणत आले होते. आमच्याकडं तसंच म्हणतात. त्या दिवशी तोंडातून निघालं ते निघालं.

“अल्लाच्या नावावर खपवू नकोस, मुश्ताक,” मी म्हटलं. “त्यानं नाही घडवलं हे. तू घडवलंयस. तो गवंडी तिथं सडतोय, आणि तू स्वतःच्या भित्रेपणाला स्वभाव म्हणतोस? लाज नाही वाटत? गाडी थांबव.”

“मला तू म्हणतेस?”

“गाडी थांबव!”

त्यानं थांबवली नाही. पुढं चौकात लाल दिवा लागला, तेव्हा थांबावंच लागलं. मी दार उघडून उतरले. तो काच खाली करून ओरडत होता, “रुकय्या, वेडेपणा करू नको! माझी नोकरी जाईल! तुझीपण जाईल! घरी ये, बोलू आपण!” मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. दिवा हिरवा झाला, आणि त्याला पुढं जावं लागलं.

मी उलट्या दिशेनं चालू लागले. त्या गावात दुपारी कुणी पायी चालत नाही. बुरखा तव्यासारखा तापला होता, चपलेतून रस्ता पोळत होता. माझ्या मनात भीती नव्हती असं नाही. घर त्याच्या नावावर, व्हिसा त्याच्या नावावर, परतीचं तिकीटही त्याच्याकडं. पण रागापुढं भीतीची काही मात्रा चालेना. माझ्या घरच्यांनी मला आयुष्यभर तापट म्हणून नावं ठेवली. ठेवा म्हणावं. त्या दिवशी तो राग नसता तर मी त्या चौकातून घरी गेले असते आणि रात्री त्याला भाकरी वाढली असती.

चौकीत पोहोचले तेव्हा नवालची गाडी निघून गेली होती. कॅप्टन सैफ टेबल आवरत होता, टोपी डोक्यावर चढवलेली. मला घामानं डबडबलेली पाहून तो चकित झाला आणि बाहेर माझ्या नवऱ्याला शोधू लागला.

“तो आला नाही,” मी म्हटलं. “मी एकटीच आलेय.”

त्यानं मला आधी पाणी दिलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली, कागद घेतला. “काय राहिलं?”

“एक माणूस राहिलाय,” मी म्हटलं. “नाव लिहून घ्या. जनार्दन टेमकर, गवंडी. काना मरीदन, कॅप्टन, तबीआ नव्हे. तो आजारी होता.”